शनिवारचा तोंडी हिशेब

आमच्या वेळचे चार म्हातारे जमले की चहा यायच्या आत शाळेच्या माराची बढाई सुरू होते. कुणाच्या पाठीवर रूळ मोडला, कुणाला भर उन्हात कोंबडा करून ठेवलं, कुणाच्या हातावर वळ उठले. मग सगळ्यांचं एकमतानं ठरतं की त्या मारानंच आपण घडलो. घडले डोंबल. त्यातले निम्मे अजूनही मागून कुणी मोठ्यानं हाक मारली तर दचकतात. मी त्या गप्पांत तोंड उघडत नाही. त्यांना वाटतं, हा हुशार होता, ह्यानं कशाला मार खाल्लाय. बराबर आहे त्यांचं. मी हुशार होतो. मी मार खाणाऱ्यांत कमी आणि मारणाऱ्यांत जास्त होतो, आणि हे काही चहा पिता पिता सांगण्यासारखं नाही.

तेव्हा निजामी होती. शाळा हिंगोलीच्या पेठेला लागून, मुलांचीच, लहानशी. आज तिची जागासुद्धा ओळखू येत नाही. हजेरीला ‘हाजिर जनाब’ म्हणायचं, वर्गाला जमात म्हणायचं, जुम्म्याला, म्हणजे शुक्रवारी, सुट्टी. आमच्या शाळेत चौथी जमातीपर्यंत हिशेब मराठीत असे, पुढं सगळं उर्दू. आमचं गाव कयाधू नदीच्या पलीकडं, दीड कोसावर. घरी मेंढरं आणि थोडी कोरडवाहू जमीन. आमच्या घरातून शाळेची पायरी चढलेले दोघंच, मी आणि माझा थोरला भाऊ.

हिशेबाचे मास्तर पांढरा बंद गळ्याचा कोट घालत आणि तो नेहमी परीटघडीचा असे. आवाज इतका हळू की पहिल्या रांगेलाही कान द्यावा लागे. बाकीचे मास्तर ओरडत, छडी आपटत. उर्दूचे मौलवीसाहेब तर मारायला धावायचे आणि अर्ध्या वाटेत दम लागला की स्वतःच हसायचे. त्यांची भीती वाटायची ती तेवढ्यापुरती. हिशेबाच्या मास्तरांनी मात्र कधी कुणावर हात टाकला नाही. वरून तपासणीला साहेब आले की ते सांगत, इतक्या वर्षांत एका पोराला मी बोट लावलं नाही. खोटं नव्हतं ते. त्यांच्या जमातीत आमचा मार आम्हीच एकमेकांना देत होतो.

रीत अशी होती. शनिवारी सकाळी पहिला तास तोंडी हिशेबाचा. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, हे सगळे अपूर्णांकांचे पाढे. आताच्या पोरांना त्यांची नावंही ठाऊक नाहीत, सुटली बिचारी. मास्तर एकाला विचारत. त्याला आलं नाही की तो उभा. मग दुसरा, मग तिसरा. ज्याला आलं त्यानं उठायचं आणि उभे असलेल्या सगळ्यांच्या एकेक थोबाडीत द्यायची. हळू दिली तर मास्तर नुसतं ‘हूं’ करत, म्हणजे पुन्हा दे. तीन वेळा हूं झालं की मारणाराच रांगेत उभा राही, आणि मग त्याला रांगेतले सगळे देत. त्यांचा नुकताच मार खाऊन झालेला असे, ते काय हळू देणार.

शुक्रवारी दुपारपर्यंत आम्ही माणसात असायचो. भाकरी खाल्ली की पोटात गोळा यायचा. माय विचारायची, पोट दुखतंय का, आणि ओवा द्यायची. ओव्यानं ती भीती जाते होय. शनिवारी पहाटे डोळे उघडायच्या आधीच कळायचं की आज शनिवार आहे. नदीवर उतरेपर्यंत मी दोनदा झाडामागं जाऊन यायचो. माझ्यासारखी, पाढे येणारी पोरंसुद्धा अशी भ्यायची, ही त्या मास्तरांची करामत.

दादा माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा. तीनदा नापास होऊन माझ्याच जमातीत, माझ्या शेजारी बसायचा. तो ढ नव्हता, हे मी शपथेवर सांगतो. दीडशे मेंढरं पाण्यावरून वर आली की न मोजता, नुसतं बघून सांगायचा की अमकी मागं राहिली. वाटेनं चालताना पाऊणकी अशी म्हणायचा की मीच चुकायचो. पण जमातीत तो पांढरा कोट समोर आला की त्याची दातखीळ बसायची. ओठ हलायचे, आवाज नाही. कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या. दर शनिवारी तो उभा, आणि दर शनिवारी कुणी ना कुणी त्याच्या थोबाडीत द्यायचं.

त्याला रेल्वेत लागायचं होतं. पूर्णेकडून गाडी यायची, ती बघायला तो मला ओढत स्टेशनात न्यायचा. झेंडी धरून उभा राहणारा माणूस त्याच्या मनात भरला होता. चौथी पास असलं की तिथं घेतात, असं त्याला कुणीतरी सांगितलेलं. आणि इकडं बा म्हणून बसला होता की औंदा शेवटचं. यंदा पास झाला तर ठीक, न्हाई तर चुलत्याबरोबर मेंढरांमागं जायचं, वर्षातले आठ महिने रानोमाळ. बा एकदा बोलला की बोलला. तेव्हा दादाचं सगळं त्या चौथीवर येऊन ठेपलेलं होतं.

पहिले काही शनिवार मी सोंग केलं. मला विचारलं की मान खाली घालायची, उभं राहायचं, मार खायचा. दादाच्या शेजारी उभं राहून मार खायला मला काही वाटायचं नाही. उलट बरं वाटायचं. पण मास्तर काय कच्च्या गुरूचे चेले होते? एकदा सुट्टी झाल्यावर मी फळा पुसत होतो. मागून हळूच आवाज आला, दीड नव्वे? माझ्या तोंडून सटकन गेलं, साडेतेरा. मास्तरांनी रुमालानं चष्मा पुसला आणि ते निघून गेले. त्या रात्री माझा डोळ्याला डोळा लागला नाही. पुढच्या शनिवारी त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं की ज्याला येत असून जो लपवील त्याला काही शिक्षा नाही, त्याच्या शेजाऱ्याला दोन बसतील. माझा शेजारी कोण ते सगळ्या जमातीला माहीत होतं.

मग मला मारणं भाग पडलं. घरी जाताना मी रडत होतो. दादा मात्र वेगळाच विचार करत होता. नदीच्या वाळूत त्यानं मला बसवलं आणि हात कसा धरायचा ते शिकवलं. तळवा ओंजळीसारखा खोलगट ठेवायचा, बोटं जुळवून घ्यायची, आणि गालाच्या मांसल भागावर मारायचं. आवाज फाडकन होतो, लागत मात्र नाही. आम्ही तिथं बसून एकमेकांच्या गालांवर सराव केला. वीस-पंचवीस थपडा मारल्या असतील. हसून हसून पोट दुखायला लागलं. शनिवारबद्दल मी हसलो तो तेवढाच एक दिवस.

युक्ती चालली. चार-पाच शनिवार आवाज होत राहिला, दादा मान अशी वळवायचा की बघणाऱ्याला वाटावं, दात पडला. मास्तरांचं हूं आलं नाही. पण माझी भीती उलट वाढली. मी मारताना त्यांच्याकडं बघायचो नाही, तरी मला कळायचं की ते माझ्या तोंडाकडं बघत नाहीत, हाताकडं बघून राहिलेत.

इम्तिहान, म्हणजे वर्षाची परीक्षा, जवळ आला. मास्तरांनी जाहीर केलं की ह्या शनिवारी तोंडी हिशेबात जो उभा राहील त्याचं नाव इम्तिहानाच्या यादीतून कापलं जाईल. म्हणजे दादाचं सगळं त्या एका शनिवारावर आलं. ते तीन-चार दिवस आम्ही दोघांनी दुसरं काही केलं नाही. जाता पाढे, येता पाढे, मेंढरांना पाणी पाजताना पाढे. शनिवारी सकाळी नदी ओलांडताना त्यानं पाऊणकी तीनदा म्हटली, उलटी-सुलटी, एक चूक नाही. मी म्हटलं, दादा, आज तू बसशील. तोही म्हणाला, व्हय, आज बसतो.

मास्तरांनी यादीचा कागद टेबलावर ठेवला, शेजारी टाक-दौत. चार पोरं उभी राहिली. मग दादाकडं बोट केलं आणि विचारलं, पाऊण तेरा किती.

दादा उठला. ओठ हलले. उत्तर होतं पावणेदहा. सकाळी तीनदा म्हटलेलं. मी मनात ओरडत होतो, पावणेदहा, पावणेदहा. आवाज आला नाही. मास्तरांनी टाक उचलला आणि मला विचारलं. मी उत्तर दिलं आणि उठलो.

पहिल्या चौघांना मी एकेक दिली. दादाला ओंजळीची दिली, फाडकन. हूं आलं नाही. मास्तर खुर्चीवरून उठले. माझ्याजवळ येऊन माझा उजवा हात त्यांनी हातात घेतला, उलटा केला, आणि माझी वळलेली बोटं एकेक करून सरळ केली. त्यांची बोटं गार होती. माझी चड्डी ओली झाली आणि मला त्याची लाजसुद्धा वाटली नाही, इतका मी घाबरलेला होतो.

“हात असा उघडा असतो,” ते म्हणाले. “आता हा बोलेपर्यंत मार. बोलला तर यादीत नाव ठेवतो.”

मी मारली. दादानं माझ्याकडं बघितलं. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता. मार, असंच ते डोळे म्हणत होते, न्हाई तर तुला मारतील. मी दुसरी मारली. त्याचे ओठ हलले. तिसरी. मी पुटपुटलो, बोल ना दादा. चौथी. नाव राहणार होतं, रेल्वे राहणार होती, फक्त एक शब्द बोलायचा होता, आणि हा बोलत नव्हता. तिथं मला त्याचा राग आला. आत्तापर्यंत मी मास्तरांच्या भीतीनं मारत होतो. पाचवी मी रागानं मारली. काहून बोलत न्हाईस, सकाळी तर बोलत होतास, काहून मला हे करायला लावून राहिलास. सहावी. त्याच्या खालच्या ओठातून रक्त आलं.

“बस,” मास्तर म्हणाले.

मला ऐकू आलं. नीट ऐकू आलं. आणि मी आणखी एक मारली, आधीच्या सगळ्यांपेक्षा जोरात.

तेव्हा दादानं पहिल्यांदा हात वर केला आणि गाल झाकून घेतला, माझ्यापासून. मास्तरांनी माझ्याकडं जरा वेळ बघितलं, मान डोलावली आणि ‘शाबास’ म्हणाले. कागदावर दादाच्या नावावरून टाक फिरल्याचा आवाज आला. आणि खरं सांगायचं तर, त्या शाबासकीनं मला क्षणभर बरं वाटलं. हे आजवर मी कुणाला सांगितलेलं नाही. त्यानंतर जी भीती वाटली ती मास्तरांची नव्हती.

घरी जाताना तो पुढं, मी मागं. नदीत त्यानं तोंड धुतलं. मला वाटत होतं, आता हा वळेल आणि मला बुकलून काढील, आणि मी देवाची करुणा भाकत होतो की त्यानं काढावंच. त्यानं काही केलं नाही. माझी चड्डी बघून म्हणाला, धुऊन घे, माय विचारंल. घरी बानं त्याच्या ओठाचं विचारलं तर पडलो म्हणाला. आणि त्याच दमात सांगून टाकलं, “बा, मला न्हाई जमत शाळा. मी काकाबरोबर जातो.” यादीचं सांगितलं नाही, माझं तर नाहीच. बानं मान हलवली. झालं. एवढ्यात सगळं आटोपलं.

आठ-दहा दिवसांनी चुलता मेंढरं घेऊन निघाला. दादा घोंगडं खांद्यावर टाकून उभा होता. माय भाकरी बांधत होती आणि मी त्याच्यासमोर नुसताच. त्याच्या गालाला गवताचं कुसळ चिकटलेलं दिसलं. ते काढावं म्हणून मी हात वर केला.

दादानं डोळे गच्च मिटले आणि मान खांद्यात ओढून घेतली.

माझ्याहून तीन वर्षांनी मोठा, कोल्ह्यावर काठी घेऊन धावणारा माझा भाऊ. माझा हात तसाच वर राहिला. त्यानं डोळे उघडले, काय झालं ते त्याच्याही ध्यानात आलं, आणि तो ओशाळून हसला.

“काई न्हाई रे,” तो म्हणाला, “आपसूक झालं.”

मीही तेव्हा हसायला पाहिजे होतं, त्याला तेवढंच बरं वाटलं असतं. मला हसता आलं नाही.