क्लचची ढील

कुणाचीही उभी मोटरसायकल दिसली की तो जाता जाता दोन बोटांनी तिचा क्लच हलवून बघायचा. दांडी जराशी सैल लागली की म्हणायचा, "ढील हाय. गाडी सुखी हाय." असा माणूस तुमच्याही बिल्डिंगमध्ये असेल. परक्या गाडीला हात लावतो आणि कुणी रागावत नाही.

सरावलीला आमच्या खालच्या मजल्यावर तो राहायचा. घिवलीचा. एमआयडीसीत फिटर, आणि आपण किती भारी फिटर आहोत हे दिवसातून दोनदा सांगणारा. मी दुसऱ्या कंपनीत स्टोअर सांभाळतो. सैल काही मला बघवत नाही. नळ, कडी, गाडीचे नट, सगळं दर रविवारी आवळतो.

आई गेल्यावर बाबा माकुणसारची वाडी भावाकडे सोपवून आमच्याकडे आले. माझ्याशी त्यांचं बोलणं औषध आणि जेवण यापलीकडे जात नसे. त्याच्याशी मात्र पायरीवर बसून तासन्‌तास गप्पा. मिरच्या, पानवेली, बोंबील. वर खिडकीत मला हसणं ऐकू यायचं आणि माझा चहा कडू व्हायचा.

एकदा बाबांना मागे बसवून बोईसरच्या रेल्वेपुलावर चढत होतो. इंजिन किंचाळायला लागलं, गाडी मात्र रांगत होती. बाबा मागून म्हणाले, "नुसतीच बोंबलते हाय. त्याला दाखव."

मेकॅनिकला नाही. त्याला.

त्याने गाडीचं पुढचं चाक कंपाउंडच्या भिंतीला टेकवलं, तिसरा गिअर टाकला आणि क्लच हळूहळू सोडला. इंजिन चालूच.

"बघा काका, आता ही मरायला पाहिजे होती. नाय मेली. म्हणजे आजारी हाय. क्लच घसरतो."

बाबा खोकला येईपर्यंत हसले. माझ्या बोलण्यावर ते असे कधी हसले होते, मला आठवेना.

मग दोन बोटं दांडीवर. ती जराही हलली नाही. "भाऊ, केबल कोणी आवळली?"

"मी."

"अवो, तुमी हात सोडलात तरी क्लच थोडा दाबलेलाच ऱ्हातो. प्लेटा एकमेकींना घट्ट धरत नाय, नुसत्या घासतात."

"त्याचं असंच हाय," बाबा म्हणाले. "लहानपणी कोंबडी बांधली तर कोंबडी लंगडायची."

दोघं हसले. त्याने केबल सैल केली, "झालं!" म्हणून हात झटकले आणि गाडी पुन्हा भिंतीला लावली. इंजिन पुन्हा चालूच राहिलं. खरं सांगतो, मला बरं वाटलं. गाडी माझी, खर्च माझा, तरी बरं वाटलं.

"प्लेटा जळल्या असणार," तो जरा वरमून म्हणाला.

तसंच निघालं. पुढच्या रविवारी त्याने ऑइल काढून कव्हर उघडलं, तेव्हा काळ्या पडलेल्या प्लेटांचा करपट वास पायरीपर्यंत आला. नव्या प्लेटा मी पाकिटावर लिहिल्याप्रमाणे आदल्या दिवशीच ऑइलमध्ये भिजत घातल्या होत्या. "वा भाऊ!" तो म्हणाला. बाबांनी ते ऐकलं नाही. ते त्याच्यासाठी स्वतःच्या पेल्यात चहा ओतत होते. त्या पेल्याला घरात कुणी हात लावत नाही.

सगळं बसवून झाल्यावर पुन्हा भिंत, पुन्हा तिसरा गिअर. क्लच सोडताच इंजिन गचका खाऊन बंद पडलं.

"मेली!" बाबांनी टाळी वाजवली.

वर्षभराने त्याची कंपनी वापीला गेली आणि तोही गेला. जाताना बाबांच्या पाया पडला. मला वाटलं होतं, आता पायरीवरची जागा आपली. दोन-तीनदा बसून पाहिलं. बाबा मिरच्यांबद्दल काही बोलले नाहीत, आणि मला मिरच्यांबद्दल काय विचारायचं ते सुचलं नाही.

मागच्या महिन्यात क्लचची केबल तुटली. नवी मी घातली. नट फिरवताना हात सवयीने आवळत गेला. थांबलो, थोडा उलटा फिरवला, दोन बोटांनी दांडी हलवून पाहिली, पुन्हा थोडा उलटा.

काल बाबांना दवाखान्यात न्यायचं होतं. मागे बसण्याआधी त्यांनी दोन बोटं दांडीवर ठेवली, हलवली, आणि त्यांचा चेहरा उजळला.

"बघ. त्याने ठेवली तशीच हाय अजून ढील."

मी किक मारली.

"हो बाबा," म्हटलं, "तशीच आहे."