सीमेवरचा तो एक टेक

“सर, पुन्हा एकदा घेऊ,” मी टॉकबॅकवर म्हणालो. टॉकबॅक म्हणजे आमच्या खोलीतून काचेपलीकडच्या नटाशी बोलायचा माइक. डबिंगचा तो चौदावा टेक होता. सत्तरीतल्या त्या नटांनी पाण्याचा घोट घेतला आणि पडद्याकडे बघत तेच वाक्य पुन्हा म्हटलं, “चूक माझी होती, शिक्षा तू भोगलीस, आणि मी गप्प बसलो.”

ओठ बरोबर जुळले. आवाज स्वच्छ. पण वाक्यात जीव नाही.

“नाही होत,” शेजारी बसलेली दिग्दर्शिका केतकी म्हणाली. “बॉर्डरवर काय बोलले होते हो ते! मिलिंददादा, तुमच्या त्या विश्वासनं वाट लावली सीनची.”

मी काही बोललो नाही. तीन आठवडे मी हेच करत होतो.

सिनेमा दोन मित्रांचा. सीमेलगतच्या गावात वाढलेले. एकाच्या खोट्या साक्षीमुळे दुसरा तुरुंगात जातो आणि सुटल्यावर पलीकडच्या नातेवाइकांकडे कायमचा निघून जातो. म्हातारपणी पहिला कुंपणाशी येऊन त्याची माफी मागतो. त्या प्रसंगासाठी सीमेवर आम्हाला एकच तास मिळाला होता. वायरलेस माइकला परवानगी नव्हती. म्हणजे जुनी पद्धत. विश्वासनं लांब काठीला माइक लावून तो नटाच्या डोक्यावर धरायचा. या काठीला बूम म्हणतात. तिथून केबल माझ्या रेकॉर्डरपर्यंत. मी साउंड रेकॉर्डिस्ट, तो बूममन. बावीस वर्षं आमची जोडी.

त्या सकाळी तो म्हणाला होता, “मिल्या, ही केबल जॉइंटला खरखरतीये. बदलून घे.”

दुसरी केबल जीपमध्ये सगळ्या सामानाखाली होती. “चालतंय रे,” मी म्हणालो.

टेक चालू असताना रेकॉर्डिस्टनं हेडफोन कानावरून काढायचे नसतात. आमच्या कामातला हा पहिला नियम. त्या दिवशी कान भाजत होते. मी हेडफोन मानेवर घेतले आणि नुसता मीटरकडे बघत बसलो. मीटर हलत होता. पण मीटर आवाज किती आहे ते सांगतो, कसला आहे ते सांगत नाही. टेक संपला तेव्हा केतकी रडत होती. “साउंड ओके?” तिनं डोळे पुसत विचारलं. मी अंगठा दाखवला.

कोथरूडच्या स्टुडिओत ऐकलं तर सगळी खरखर.

“केबल कोण हाताळतं?” देशमुखांनी विचारलं. युनिटमध्ये कोणाला घ्यायचं, कोणाला काढायचं, ते त्यांच्या हातात.

“बूममन,” मी म्हणालो. खोटं नव्हतं. बाकीचं मी सांगितलं नाही.

त्यांनी विश्वासला काढलं. श्रेयनामावलीतूनही. त्याचा मला एकच मेसेज आला, ‘काय झालं?’ मी तो वाचला आणि उत्तर दिलं नाही. पुण्यात आमची लाइन छोटी. आणखी दोन युनिटनी त्याला परस्पर नको म्हणून सांगितलं. तेही मला कळलं होतं.

“पंधरावा घ्यायचा?” नटांनी आतून विचारलं. फायनल मिक्स, म्हणजे सिनेमाचा सगळा आवाज एकत्र करून, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी द्यायचं होतं.

“केतकी,” मी म्हणालो, “केबल खराब आहे हे विश्वासनं सकाळीच सांगितलं होतं. मी बदलली नाही. आणि टेकच्या वेळी मी हेडफोन काढले होते.”

टॉकबॅक चालूच होता, त्यामुळे नटांनीही ऐकलं. ते खुर्चीत बसले.

देशमुख मागे उभे होते. “तीन आठवडे कुठं होतात आपण?”

“इथंच.”

“अच्छा. दिसला नाहीत.”

केतकीनं माझ्याकडे बघितलंही नाही. “आधी त्यांच्याकडे जा. तुमचं नंतर बघू.”

बिबवेवाडीत विश्वासच्या बायकोनं, वैशालीनं, दार उघडलं. “या भावजी. मेसेजचं उत्तर द्यायला स्वतः आलात वाटतं.”

विश्वास टेबलफॅन उघडून बसला होता. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. तो स्क्रू पिळत राहिला.

“म्हणजे तो टेक गेला?” त्यानं शेवटी विचारलं.

“गेला.”

“मग माझ्याकडे वाइल्ड ट्रॅक आहे ना.”

कॅमेरा बंद असताना नुसता आवाज घेतात, त्याला वाइल्ड ट्रॅक म्हणतात. “कुठला वाइल्ड ट्रॅक?” मी विचारलं.

“तुम्ही सगळे चहाला गेलात ना, तेव्हा केबलचा भरवसा नव्हता म्हणून मी सरांना जीपमध्ये बसवून काचा बंद केल्या आणि माझ्या छोट्या रेकॉर्डरवर सगळं परत बोलायला लावलं. त्यांचा आवाज अजून कापत होता. तुम्ही विमानानं आलात, मी सामानाच्या टेम्पोबरोबर. पोचतो तर देशमुखांचा मेसेज, येऊ नका. मला काय माहीत तुमचं काय अडलंय?”

“सांगायचंस ना.”

“कोणाला? तुला?”

त्यानं ड्रॉवरमधून रेकॉर्डरचं कार्ड काढून माझ्या हातात ठेवलं. बस म्हणाला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आवाज ओठांना जुळला. दोन ठिकाणी शब्द थोडे मागे सरकवावे लागले, बाकी काही नाही. वाक्य संपलं आणि केतकी पुन्हा रडली. या वेळी तिनं मला काही विचारलं नाही.

विश्वासचं नाव परत आलं. देशमुखांनी त्याच्या घरी जाऊन माफी मागितली आणि त्या दोन युनिटनाही स्वतः फोन केले. केतकीच्या पुढच्या सिनेमाला रेकॉर्डिस्ट म्हणून विश्वास आहे. मला बोलावलं नाही, ते बरोबरच आहे. मध्यंतरी त्याला माझा एक माइक हवा होता. मी दिला. दोन दिवसांनी माइक परत आला. विश्वास वर आला नाही, वॉचमनकडे ठेवून गेला.

नव्यांना मी आता एवढंच सांगतो. आवाज बिघडला तर आधी माइक धरणाऱ्याला फोन करा. दोष नंतरही देता येतो.