नाक्यावर राहिलेली दोन वर्षं

राज्याच्या सीमेअलीकडच्या आणि पलीकडच्या दोन विद्यापीठांचा सहकार्य करार आमच्या बुऱ्हाणपूरच्या कॉलेजात झाला. शाली, नारळ आणि प्रत्येक भाषणात 'ज्ञानाला सीमा नसते' हे वाक्य. सूत्रसंचालन माझ्याकडे होतं, त्यामुळे ते मीही दोनदा म्हटलं.

सह्या झाल्यावर मागच्या रांगेतली एक बाई मंचापाशी आली. वय तिशीच्या पुढे, पदरावर केळीच्या चिकाचे काळे डाग. पिशवीतून गुणपत्रिका काढण्याआधी तिने बोटं पदराला नीट पुसली. पलीकडे महाराष्ट्रात बी.ए.ची दोन वर्षं पास होऊन ती लग्नानंतर अलीकडे, सीमेजवळच्या इच्छापुरात आली होती.

"सर, आता तिसऱ्या वर्षाला ॲडमिशन भेटेल ना?"

कुलसचिवांनी करार चाळला. "हा प्राध्यापकांच्या भेटींचा आणि परिसंवादांचा करार आहे. विद्यार्थ्यांचा यात विषयच नाही. तुम्हाला फर्स्ट ईयरपासून करावं लागेल."

ती रागावली नाही. गुणपत्रिकेची घडी घालत म्हणाली, "म्हणजे तुम्ही लोक आरामशीर येणार-जाणार, आणि माझं शिकलेलं तेवढं नाक्यावर राहणार."

एका कुलगुरूंनी तिच्या जिद्दीचं कौतुक केलं, तिला मधे उभी करून फोटो काढून घेतला आणि सगळे जेवायला गेले. ती फर्स्ट ईयरचा फॉर्म न घेताच निघून गेली.

तो फोटो अहवालाच्या पहिल्या पानावर छापला. खाली मी लिहिलं, 'कराराची लाभार्थी विद्यार्थिनी'. तिचं नाव आमच्यापैकी कोणी विचारलंच नव्हतं.