आंबोलीच्या ओढ्याला लागलेला कान

चंदीगडमध्ये राहून ज्याचा सगळा जीव आंबोलीच्या रानातल्या एका बेडकात अडकला आहे, असा माणूस पृथ्वीवर एकच आहे आणि तो नेमका आमच्या वरच्या मजल्यावर राहतो. काका इथल्या विद्यापीठात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झाले. त्यांचा हा बेडूक नखाएवढा. घाटमाथ्यावरचं रान तुटत गेलं, तसा तो एका ओढ्यापुरता उरला. त्याच्या हाकेचं रेकॉर्डिंग काका रोज सकाळी चहाबरोबर लावतात. तो कर्रकर्र आवाज ऐकून आमच्या घरमालक सरदारजींनी एकदा परस्पर मिस्त्रीच पाठवला. "प्रोफेसरसाब, तुहाडे कूलर दी बेरिंग गई जी!" काकांनी मिस्त्रीला चहा पाजून तासभर बेडूक ऐकवला. तो अजून रस्त्यात भेटला की बेडकाची खुशाली विचारतो, "बाऊजी, डड्डू ठीक है?"

काकांच्या मुलीला बघायला मोहालीहून औषधांवर संशोधन करणारा एक मुलगा आला होता. पगार, घरदार राहिलं बाजूला. काकांनी विचारलं, "बेडूक कधी नीट पाहिलायस?" तो बिचारा उत्साहाने म्हणाला, "हो काका, कॉलेजात कापलाय!" पोहे संपायच्या आत स्थळ मोडलं. काकू आठवडाभर काकांशी बोलल्या नाहीत, आणि ते काकांच्या लक्षातही आलं नाही.

दर पावसाळ्यात काका आंबोलीला जाऊन ओढ्यावरच्या हाका मोजत. गेली दोन वर्षं एकही ऐकू आली नव्हती. यंदा गुडघ्यांमुळे डॉक्टरांनी डोंगर कायमचा बंद केला. मग तिथले त्यांचे जुने वाटाडे बापू म्हणाले, संध्याकाळी ओढ्यावरून फोन लावतो. त्या संध्याकाळी काकांनी आम्हालाही वर बोलावलं आणि पंखेसुद्धा बंद करायला लावले. माझी लेक म्हणाली, "मैं साँस भी नहीं लूँगी काका, पक्का."

"सर, आयका हां, फोन व्हाळाकडे धरतंय," बापू म्हणाले. बराच वेळ नुसतं पाणी वाजत होतं. काकांचा चेहरा उतरत चालला. मला त्यांच्याकडे बघवेना. आणि मग ती कर्रकर्र आली! काकांनी एक बोट वर केलं. थोड्या वेळाने, जरा लांबून, आणखी एक. काकांनी दुसरं बोट वर केलं.

"सर, पुढच्या वर्सा येतलास मां?" बापूंनी विचारलं.

"येतो की," काका म्हणाले.

ते जाणार नाहीत हे काकूंना ठाऊक होतं, मलाही. काका मात्र ती दोन बोटं तशीच वर धरून, लहान मुलासारखे हसत बसले होते. त्यांना बोटं खाली घ्या म्हणायचा आमचा कुणाचाच धीर झाला नाही.