नकाशातली बाग आणि आमची शेड

आता तुमच्यापासून काय लपवायचं? आयुष्यभर आमच्या रांझी वस्तीतल्या पोरांना भूगोल शिकवला, आणि नकाशातच तोंडावर आपटली मी! चहा घ्या, सांगते.

आमच्या क्वार्टरांमागे एक उघडं मैदान होतं. सावली म्हणाल तर विजेच्या खांबाची! उन्हाळ्यात तिथून कुत्रीसुद्धा पळत जायची. नगर निगम म्हणालं, जिथे झाडं नाहीत तिथे बाग करून देऊ, पण वॉर्डात एकच. झालं! मी पदर खोचला.

सिविल लाइंसमध्ये एक फुकट वर्ग भरला होता, तिथे शिकली. उपग्रहाचे फोटो, कुठे झाडं, कुठे किती तापतं, सगळं इंटरनेटवर खुलं. कोणीही बघा, कोणीही नकाशात भर घाला. आमचं मैदान त्यात लालबुंद! आपली गल्ली भाजून राहिली, याचा एवढा आनंद आजवर कोणाला झाला नसेल.

घरी येऊन फोनवर त्या खुल्या नकाशात मैदानाभोवती बोटानं रेघ ओढली. ही जागा काय आहे, असं फोननं विचारलं. मी निवडलं, 'बाग'. अहो, जे हवं तेच सांगायचं ना? लगेच हिरवा रंगही भरला. मी खूश!

पुढच्या महिन्यात निगमचे साहेब आले, फोनमध्ये बघत.

"मैडम, आपके यहाँ तो बगीचा पहले से है. दूसरे मोहल्ले को दे देते हैं."

"कहाँ है बगीचा?" मी कडाडली. "किस गधे ने लिखा है?"

त्यांनी फोन पुढे केला. नकाशा खुला, तर भर कोणी घातली तेही खुलंच! माझं नाव. पूर्ण. नवऱ्याच्या नावासकट!

आमचे हे मागून म्हणाले, "काहून वं, सापडला काय गधा?"

सगळी कॉलनी माझ्याकडे बघून राहिली होती. माझ्यापायी बाग जाणार? पण मास्तरीण आहे मी!

"चलिए साहब, बगीचे में घूम आते हैं."

मे महिना, भर दुपार! साहेबांना मैदानाच्या मधोमध उभं केलं आणि उन्हाचा नकाशा समजावायला लागली. अक्षांशापासून! रिटायर बाई, घाई कसली?

"समझ गया मैडम, समझ गया!" साहेब डोक्यावर रुमाल धरून गयावया करत होते. पण मी धडा कधी अर्धा सोडला नाही. शेवटी तिथेच, घामाच्या धारांत, बाग मंजूर! कॉलनीनं टाळ्या वाजवल्या. मी तर हवेत!

"और बाउंड्री?" त्यांनी विचारलं.

"मेरी लाइन पर ही तार लगाइए," मी ऐटीत सांगितलं. "भूगोल की टीचर हूँ!"

तारवाले आले आणि मोजत मोजत थेट आमच्या पत्र्याच्या शेडपाशी थांबले. माझ्या स्कूटरसाठी आम्ही ती मैदानात जराशी पुढे काढली होती. सगळेच काढतात हो! पण बोट माझं जाड, रेघ गेली शेडच्या अलीकडून, घराला लागून. शेड बागेत!

"अरे भैया, ये तो हमारा है!"

"मैडम, लाइन तो आपकी है."

मीच स्कूटर बाहेर काढली आणि शेडचे पत्रे उतरले.

आज त्या बागेत कडुनिंब डोक्यावर गेलेत. पोरं खेळतात, बाया संध्याकाळी गप्पा मारत बसतात. अख्खी रांझी मला 'बगीचेवाली मैडम' म्हणते. छाती फुगते, खोटं काहून बोलू?

शेडच्या जागी करंजाचं रोप आहे. तारेबाहेर माझी स्कूटर उन्हात तापत असते. रोपाला पाणी घालता घालता हे रोज विचारतात, "साऱ्या दुनियेचे देश पोरांना दाखवले तू. आपलंच घर तेवढं काहून नाही दिसलं वं?"