काकींची माणसं

आमच्या शेजारच्या काकी विहिरीतल्या बेडकांना 'माणसं' म्हणतात. मी कळशी सोडली की ओरडतात, "हळू रे, खाली माणसं आहेत!"

यंदा पौषात पंचायतीचा नवा माणूस, साताऱ्याकडून घाट उतरून आमच्याकडे आलेला, विहिरीत जंतुनाशक पावडर टाकायला आला. काकी आडव्या आल्या. "थांब रे बाबा, आत माझी माणसं आहेत!"

त्याच्या हातची बादली पडली. तो घाबरून कठड्यावरून वाकला. खाली दोन बेडूक ऐटीत पोहत होते.

"एवढ्या थंडीत? आमच्याकडे तर चिखलात निजून असतात."

मी उगाच छाती फुगवली. बेडकांना वर घ्यायला काकींनी दोराला टोपली बांधली, दोर त्याच्याच हातात दिला आणि म्हणाल्या, "निजत असतील घाटावरची. आमची कामावर असतात."