बटणमामा

माझ्या मामाचा माणसांपेक्षा बटणांवर जास्त विश्वास होता. हे मी रागाने लिहिते आहे असं कुणाला वाटलं तर खुशाल वाटू द्या. हिंगोलीकडच्या आमच्या गोरेगावात त्याला गुरुजी म्हणणारे थोडे आणि बटणमामा म्हणणारे जास्त होते. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायचा, पण जीव सगळा यंत्रांत. पाहुणा म्हणून कुणाकडे गेला की चहा उकळेपर्यंत त्याने त्यांच्या रेडिओचं झाकण उघडलेलं असायचं. बंद पडलेला रेडिओ त्याच्या हाताने कधी बोलू लागायचा, आणि चांगला बोलणारा कधी कायमचा गप्प व्हायचा. घरधनी तोंड पाडून उभा राहिला की मामा शांतपणे म्हणायचा, "मशीनची चूक नसती. वापरणाऱ्याची असती." हे त्याचं ठरलेलं वाक्य होतं. शाळेत, घरात, लग्नाच्या मांडवात, कुठेही तो ते म्हणायचा.

रिमोटचा टीव्ही गोरेगावात पहिल्यांदा आणला तो मामाने. त्या काळात दिसायचं एकच चॅनेल, तेही वारा बरा असेल तर. म्हणजे रिमोटने करायचं काय, तर आवाज कमी आणि आवाज जास्त. तरी मामा अंगणात खाट टाकून बसायचा, उघड्या दारातून आत नेम धरायचा आणि जमलेल्या मंडळींना आवाज कमी करून दाखवायचा. रिमोटवरचं प्लास्टिक त्याने शेवटपर्यंत काढलं नाही. आजी, म्हणजे त्याची आई, चुलीपुढून म्हणायची, "उठून कान पिळला तरी आवाज कमी व्हतोय की. त्याच्यासाठी हे दांडकं काहून?" मंडळी हसायची. मामाही हसायचा, आणि आवाज एकदम वाढवून आजीला दचकवायचा.

मग पेजर आला. औरंगाबादेहून कुणा मित्राकडून त्याने तो मिळवला होता आणि कमरेच्या पट्ट्याला अडकवून वर्गात जायचा. पेजर वाजायला आधी त्याची सेवा तरी आसपास असायला हवी, आणि हिंगोली जिल्ह्यात कुणाला तेव्हा तिचं नावही ठाऊक नव्हतं. ते यंत्र त्याच्या कमरेवर कधी वाजलं नाही. भावकीतला तात्या, माझा चुलत आजोबा, मोठा खवचट. तो रोज पारावरून विचारायचा, "गुरुजी, काय म्हनतंय तुमचं डबडं?" मामा काच पुसत म्हणायचा, "सिग्नल येऊन राहिला तात्या. वाटेत हाय." ह्यावर आम्ही पोरं पोट धरून हसायचो. आता हसू येत नाही.

मामा वाईट माणूस होता असं मात्र कुणी म्हणू नये. मी तर म्हणूच शकत नाही. त्याने घरी कॉम्प्युटर आणला तेव्हा त्याच्यासाठी वेगळी खोली झाली, पडदा झाला, गावातला सगळ्यात चांगला पंखा त्याच्यावर फिरू लागला. मामी बिचारी स्वयंपाकघरात पदराने वारा घ्यायची. चपला काढून, हात धुऊन आत जायचं. पण त्या कीबोर्डवर त्याने पहिल्यांदा कुणाला बसवलं असेल तर मला, बहिणीच्या पोरीला. सुट्टीत मी गोरेगावला गेले की तो मला जवळ बसवून शिकवायचा. चुकले तरी कधी ओरडला नाही. "पोरी, जग ह्याच्यात येऊन राहिलंय. तू माघं राहू नको," असं म्हणायचा. मी राहिले नाही. आज ज्या कामावर माझं पोट चालतं त्याची मुळाक्षरं मामाने गिरवून घेतली आहेत, आणि त्याचा राग करताना हीच गोष्ट मला नडते.

आमचं घर जवळा बाजार गावाजवळच्या एका खेड्यात. तिथून गोरेगाव म्हणजे औंढा, हिंगोली असं जीपा बदलत जायचं. त्यामुळे आईला माहेर वर्षातून दोनदा घडलं तरी खूप. मधल्या काळात काही निरोप असला तर तो आमच्या शेजारच्या किराणा दुकानातल्या फोनवर यायचा. दुकानदार अंगणात येऊन हाक मारायचा, आणि आई पिठाच्या हातानेच पळत सुटायची. मयताचा निरोप असला तर मात्र माणूसच यायचा, फोन नाही. आमच्याकडे तशी रीतच होती. आलेला माणूस अंगणात उभा राहायचा, त्याचा चेहरा पाहूनच बाया समजून चुकायच्या. आणि सासरी गेलेली लेक येऊन तोंड पाहीपर्यंत आईबापाची माती उचलायची नाही, ही दुसरी रीत.

मामाला ही दुकानदारापर्यंतची पळापळ बघवेना. गोरेगावात मोबाइलची रेंज आली, तशी आमच्याकडेही आली, आणि मामा एक हँडसेट घेऊन स्वतः आमच्या घरी आला. आईच्या हातात ठेवून म्हणाला, "आक्का, आता कुणाच्या दुकानात जायचं न्हाई. तुजा सोताचा फोन." चालू कसा करायचा, बंद कसा करायचा, हिरवं बटण, लाल बटण, सगळं तिच्याकडून करवून घेतलं. दर रविवारी सकाळी मी फोन करीन, मायशी बोलणं करून देईन, असं ठरलं. जाताना दुकानदाराला सांगून गेला, "आता तुमाला तकलीफ न्हाई. आमच्या आक्काचा फोन झाला." आई त्या दिवशी रडली. भाऊ असावा तर असा, असं गल्लीभर सांगत सुटली.

भावाने दिलेली वस्तू आई कशी वापरणार? तिने तो फोन स्वच्छ रुमालात गुंडाळला, बंद केला आणि लोखंडी पेटीत, लग्नातल्या शालूखाली ठेवून दिला. झिजू नये, बॅटरी उतरू नये म्हणून. लाइट तरी कुठे धड असायची तेव्हा. रविवारी सकाळी अंघोळ करून ती पेटी उघडायची, फोन चालू करून मांडीवर घ्यायची आणि वाट बघत बसायची. आजीशी बोलणं झालं की पुन्हा बंद, पुन्हा रुमाल, पुन्हा पेटी. मी एकदोनदा म्हटलं, चालू राहू दे. "माज्या भावानं दिलाय, खराब झाला तर?" असं म्हणून तिने मला गप्प केलं.

मे महिन्यातल्या एका शुक्रवारी सकाळी आजी गेली. पुढचं मला नंतर मामीकडून आणि तात्याकडून कळलं. तात्या म्हणाला, लेकीकडं माणूस धाडा, गाडीवर पोरगं आत्ता निघू द्या. मामाने त्याला थांबवलं. त्याने आईच्या फोनवर मेसेज पाठवला होता आणि पडद्यावर 'सेंट' असं आलेलं होतं. तो पडदा त्याने तात्याच्या डोळ्यांपुढे धरला. "काहून माणूस धाडता तात्या? हे बघा, मेसेज गेला. माणूस पोचस्तोवर आक्का हितं पोचलेली असंल."

दुपारपर्यंत आई आली नाही. मामाने फोन लावून पाहिला. फोनमधली बाई म्हणाली, संपर्क होऊ शकत नाही. दुसऱ्या कुणाला धास्ती वाटली असती. मामाला उलट खात्री पटली. त्याने सगळ्यांना समजावून सांगितलं, आक्का निघालेली आहे, जीपमध्ये आहे, औंढ्याच्या अलीकडे रेंज नसते म्हणून लागत नाही. जितक्या वेळा फोन लागला नाही तितक्या वेळा त्याच्या हिशेबाने आई जवळ जवळ येत गेली. माणसं रस्त्याकडे डोळे लावून बसली. प्रत्येक जीप थांबली की बायका उठायच्या. ऊन असं, की बर्फाच्या लाद्याही टिकेनात. शेवटी सूर्य कलला तेव्हा वडीलधारे म्हणाले, आता ठेवता येत नाही. त्रिशरण-पंचशील म्हणून झालं, आजीला उचललं. उचलण्याआधी मामाने आपल्या कॅमेऱ्याच्या नव्या मोबाइलवर आजीच्या तोंडाचा फोटो काढून घेतला.

आणि आमच्या घरी त्या दिवशी आई कुरड्या घालत होती. शनिवारीही कुणी आलं नाही, कारण तिकडे सगळ्यांच्या मते तिला कळलेलं होतं. रविवारी सकाळी तिने अंघोळ केली, पेटी उघडली, फोन चालू करून मांडीवर घेतला. तो वाजला. आई हसत म्हणाली, "बघ गं, आज लवकर आला." मी पाहिलं तर मेसेज होता. आईला वाचता येत नव्हतं, मराठीही नाही, आणि मेसेज इंग्रजी अक्षरांत होता. 'आई वारली, लवकर ये,' एवढंच मामाने लिहिलं होतं. मी तो मनात वाचला, आणि माझ्या तोंडाकडे पाहूनच आईला सगळं कळलं. मरणाचा निरोप घेऊन अंगणात उभं राहणाऱ्या माणसाचं काम मामाने माझ्यावर टाकलं, हे मी त्याला अजून माफ केलेलं नाही.

गोरेगावला पोचलो तर दारातल्या बाया बाजूला झाल्या, पण कुणी आईच्या गळ्यात पडलं नाही. एक म्हातारी म्हणाली, "आता आलीस व्हय? दिसभर वाट बघायला लावली मायला." आईला काही उलगडेना. तिने सगळ्यांसमोर सांगितलं की मला आत्ता सकाळी समजलं. तेव्हा मामा पुढे झाला. रडून त्याचे डोळे सुजले होते, हे मी पाहिलं आहे, खोटं बोलणार नाही. पण तो बोलला ते हे बोलला, "आक्का, मी तर तवाच मेसेज केला होता. फोन बंद करून ठिवत असतेत व्हय कुणी? मशीनची काय चूक हाय त्याच्यात?" वाक्याचा उरलेला अर्धा भाग तो गिळून बसला. न गिळता बोलला असता तरी काही फरक पडला नसता, आईने तो आयुष्यभर ऐकला होता.

मग त्याने खिशातून मोबाइल काढला. "तुज्यासाठी मायचा फोटो काढून ठिवलाय. एकदम क्लिअर आलाय. मोठा करूनबी बघता येतो." आईने त्याचा हात बाजूला सारला. म्हणाली, "भाऊ, मायचं तोंड डब्बीत बघ म्हनतोस व्हय मला?" आणि आजीला जिथे ठेवलं होतं त्या जमिनीवर जाऊन बसली. पाणीसुद्धा न घेता आम्ही त्याच दिवशी परतलो. निघताना त्याने दिलेला फोन आईने त्याच्याच उंबऱ्यावर ठेवला.

माहेर तुटणं म्हणजे काय, हे मी पुढची तीन-चार वर्षं घरात पाहिलं. दिवाळीला सगळ्या लेकी जीपा धरून निघायच्या आणि आमची आई त्या दिवशी मुद्दाम शेणसडा घालत बसायची. पुढे मी फोन घेतला, त्यावर मामा फोन करायचा. आई घेत नसे. तो मला नव्या नव्या हँडसेटच्या गोष्टी सांगायचा, ह्यात गाणी किती मावतात, त्याचा कॅमेरा किती मोठा. मी हं हं करायची. एकदा तरी तो म्हणेल, पोरी, माणूस धाडायला पायजे होता, ह्याची मी वाट बघत राहिले. तसं तो कधी म्हणाला नाही. मनात म्हणाला असेल तर त्याचा मला काय उपयोग, आणि आईला काय?

मग आई आजारी पडली. हिंगोलीच्या दवाखान्यात तिला ठेवलं, डॉक्टर माझ्याशी बोलताना खाली बघून बोलू लागले, आणि मी मामाला कळवलं. तो त्याच दुपारी आला. खाटेच्या कडेला बसला, आईचे पाय दाबू लागला. आईने पाय ओढून घेतले नाहीत. पाय दाबून झाल्यावर सवयीने त्याने मोबाइल काढला. बोट फिरवलं की चालणारा, एकदम नवा. त्याच्या पोरांचे, शाळेचे, नव्या घराचे फोटो तो तिला दाखवू लागला. आई बघत होती. मधेच म्हणाली, "भाऊ, तो फोटो दाव."

"कोंचा?" मामाने विचारलं.

 आई त्याच्याकडे बघत राहिली, आणि कोणता फोटो हे मामाच्या चेहऱ्यावर हळूहळू उतरलं. तो खाली मान घालून फोनवर बोट फिरवत राहिला, जिथे तो फोटो नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं तिथेच शोधत राहिला. शेवटी म्हणाला, "आक्का, तो हँडसेट मी देऊन टाकला. नवा घेताना. त्याच्यानंतर आनखी दोनदा बदलला." आजीचा दुसरा फोटो म्हणजे मतदानाच्या कार्डावरचा, आणि त्यात तर आजी कोण आणि शेजारीण कोण हेही ओळखू येत नव्हतं.

"मायचं तोंड तू मला बघू दिलं न्हाईस, ते झालंच," आई म्हणाली. "पन फोटो तरी तू ठिवला असशील, असं वाटलं व्हतं."

मामा तोंड झाकून रडला. शेजारच्या खाटेवरची माणसं बघू लागली. मला त्याची दया आली नाही. येईल असं वाटलं होतं, पण आली नाही. आईने मात्र थोड्या वेळाने त्याच्या डोक्यावर हात ठेवला, धाकट्या भावाच्या डोक्यावर ठेवतात तसा, आणि म्हणाली, "ह्याच्यात चांगला निघतो का फोटो? मग माजा एक काढ. आन् पोरीच्या फोनात टाकून दे. तुज्याकडं नको ठिवू."

त्याने उशी सरळ केली, खिडकीकडून उजेड घेतला आणि फोटो काढला. तो माझ्याकडे आहे. चांगला आलाय.